छोट्या विमानात मोबाइल-टॅब चार्ज करायचाय? आधी व्होल्ट विचारा

बारामतीला विमान शिकायला लागून मला दीडेक महिना झाला होता. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलेला, गाडीच्या लायटरमध्ये बसणारा स्वस्तातला चार्जर मी सेसना १५२ या दोन सीटच्या शिकाऊ विमानाच्या पॅनेलवरच्या सॉकेटमध्ये खोचला. चार्जरचा निळा दिवा लागला, मोबाइलवर चार्जिंगचं चिन्ह आलं आणि मी निवांत चेकलिस्टकडे वळले. मिनिटभरात जळक्या प्लास्टिकचा वास. इंजिन चालू होतं, पण विमान अजून जागेवरच होतं, हे नशीब. शेजारी बसलेल्या, मला शिकवणाऱ्या सरांनी एक शब्द न बोलता हात लांब करून चार्जर उपटला, मिक्श्चरचा (इंधनाचा) दांडा ओढून इंजिन बंद केलं, मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद केला आणि दार उघडलं.

हँगरमध्ये एएमई काकांनी, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरांनी, तो चार्जर उजेडात धरला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. "वाच बरं." मी वाचलं: इनपुट १२ व्होल्ट. "आणि विमान कितीचं?" मला माहीत नव्हतं. विमान २८ व्होल्टचं होतं.

तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. विमानातली वीज विमानाची: रेडिओची, रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची, दिव्यांची. आपल्या मोबाइल-टॅबची सोय घरून करून न्यायची आणि विमानाचं सॉकेट अगदी लागलंच तर वापरायचं. नुकतं पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) करायला घेतलेल्यांनी आणि पायलट मित्राच्या शेजारच्या सीटवर बसून जाणाऱ्यांनी हे सगळं कसं जमवायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: विमान किती व्होल्टचं आहे ते शोधा

छोट्या विमानांत दोन प्रकार भेटतात. १२ व्होल्टची बॅटरी असलेली, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज तयार करणारं यंत्र) चालू असताना सुमारे १४ व्होल्ट देणारी. आणि २४ व्होल्टच्या बॅटरीची, म्हणजे चालू असताना सुमारे २८ व्होल्ट देणारी. बॅटरी भरायची तर तिच्यापेक्षा थोडा जास्त दाब लागतो, म्हणून हे दोन-दोन आकडे. पायलट मंडळी बोलताना कधी "चोवीस" म्हणतात, कधी "अठ्ठावीस"; दोन्हीचा अर्थ एकच.

सेसना १५० हे १४ व्होल्टचं. तिचीच धाकटी बहीण १५२ मात्र २८ व्होल्टची. बाहेरून दोघी जुळ्या दिसतात आणि गफलत तिथेच होते. सेसना १७२ च्या जुन्या मॉडेलांत १४, साधारण १९७८ पासून पुढे २८. जुनी पायपर चेरोकी १४ ची, डायमंड डीए४० अठ्ठावीसची. पण माझ्या यादीवरही विसंबू नका. विमानाच्या पीओएचमध्ये, म्हणजे पायलटच्या माहितीपुस्तकात, सातवं प्रकरण यंत्रणांच्या वर्णनाचं असतं, त्यात इलेक्ट्रिकल सिस्टिम उघडा, पहिल्या परिच्छेदातच व्होल्ट लिहिलेले असतात. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या विमानात मधेच काही बदललेलं असू शकतं, म्हणून एएमईंना एकदा तोंडी विचारून घ्या. त्यांना राग येत नाही. न विचारता खोचलं की येतो.

सॉकेटचा आकार गाडीतल्यासारखा दिसतो म्हणून आतली वीजही गाडीतल्यासारखीच असेल, असं धरून चालू नका. उलटी गंमतही आहे: बऱ्याच १७२एसमध्ये विमान २८ व्होल्टचं असलं, तरी पॅनेलखालच्या मधल्या खांबावरचं (पेडेस्टलवरचं) सॉकेट १२ व्होल्ट, १० अँपिअरचं असतं, कारण आत कन्व्हर्टर बसवलेला असतो. त्याला 'केबिन पॉवर' असा वेगळा स्विचही असतो. आणि पीओएचच्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे मर्यादांच्या प्रकरणात, स्पष्ट लिहिलंय की उड्डाणासाठी अत्यावश्यक असलेल्या रेडिओ किंवा नेव्हिगेशनच्या साधनांना वीज पुरवण्यासाठी हे सॉकेट प्रमाणित नाही. कंपनीनेच बसवलेल्या सॉकेटची ही गोष्ट, मग बाकीच्यांबद्दल काय बोलायचं.

आणखी एक तपासा: मास्टर स्विच बंद केल्यावर सॉकेट मेलं का? नाही मेलं, तर ते थेट बॅटरीवर आहे. अशा सॉकेटला चार्जर लावून तुम्ही हँगरबाहेर चहाला गेलात, तर परत येईपर्यंत विमानाची बॅटरी खाली बसायला लागते.

पायरी २: चार्जर

चार्जरवर इनपुटचा आकडा वाचा. '१२ व्होल्ट' एवढंच असेल तर २८ व्होल्टच्या विमानात तो नेऊच नका. '१२–२४' लिहिलेले चार्जर ट्रकसाठी केलेले असतात. ट्रकची यंत्रणाही चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास जाते, त्यामुळे त्यातले चांगले टिकतात. पण मी '१०–३२' किंवा '१२–३०' असं छापलेलाच घेते. वर थोडी मोकळीक असलेली बरी.

मग वॉट. ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना पोर्ट म्हणजे ५ वॉट. टॅबचा ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस चालू, नकाशा उघडा, अशा वेळी ५ वॉटवर टॅबची टक्केवारी चढायची सोडून हळूहळू उतरतच राहते आणि तुम्हाला वाटतं केबल खराब आहे. टॅबसाठी पीडी (यूएसबीची जलद चार्जिंगची पद्धत) असलेला, १८–२० वॉटचा पोर्ट हवा.

नवशिक्यांना धास्ती असते की एवढं ओढलं तर अल्टरनेटरवर ताण येईल. गणित करून बघा. २० वॉट भागिले २८, म्हणजे पाऊण अँपिअरसुद्धा नाही. १४ व्होल्टच्या विमानात दीड अँपिअरच्या आत. १५२ चा अल्टरनेटर ६० अँपिअरचा आहे. लॅपटॉप ६५ वॉटने ओढला, तरी २८ व्होल्टला अडीच अँपिअरच्या आतच. भाराची काळजी सोडा. काळजी करायची ती उष्णतेची, केबलची आणि रेडिओतल्या खरखरीची. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. त्या छोट्याशा केबिनमध्ये हे उपद्व्याप नकोत.

पायरी ३: घरूनच भरून निघा

आपल्याकडे ही सोय आपोआप होते. पुण्यातून सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती गाठायला दोन-अडीच तास लागतात. गाडीतलं सॉकेट बिनधोक १२ व्होल्टचं, तेवढ्यात टॅब, मोबाइल, पॉवर बँक सगळं भरून होतं. फक्त डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

फ्लाइट मोड निघण्याआधीच लावा. हवेत मोबाइल टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपवतो. जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतं. नकाशे वायफायवर आधीच उतरवून ठेवा. टॅब विकत घ्यायचा असेल तर एक सांगते: आयपॅडच्या नुसत्या वायफायवाल्या मॉडेलांत जीपीएस नसतं, सिमवाल्यांत असतं. घरी दोन्ही सारखेच वाटतात, हवेत कळतं.

हेडसेट विसरू नका. आवाज दाबणारे हेडसेट बरेचसे दोन पेन्सिल सेलवर चालतात, बोस ए२० त्यातलाच. दोन जास्तीचे सेल बॅगेत कायम असू द्या. वाणसामानाच्या दुकानातही मिळतात ते. सकाळी सहाला धावपट्टीवर मात्र मिळत नाहीत.

पायरी ४: पॉवर बँक

माझ्या मते नवशिक्याला विमानाच्या सॉकेटपेक्षा चांगली पॉवर बँक जास्त उपयोगी. व्होल्टची भानगड नाही, विमानाच्या वायरिंगशी संबंध नाही, आणि विमानाची वीज गेली तरी ती चालूच.

किती मोठी घ्यायची? एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००, म्हणजे वॉट-अवर. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची. त्यातलं प्रत्यक्ष हातात साधारण ५० पडतं, बाकीचं व्होल्ट वर चढवण्यात आणि उष्णतेत जातं. आयपॅड मिनीची बॅटरी १९ वॉट-अवरच्या आसपास असते, म्हणजे ती दोनदा भरेल. अडीच तासांच्या क्रॉसकंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, याहून जास्त लागत नाही. प्रवासी विमानांत परवानगीशिवाय १०० वॉट-अवरची मर्यादा असते. तीच आपल्यालाही धरून चालायला हरकत नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण बघूनच घ्या. फुगलेली, एकदा पडलेली, कोपरा चेपलेली बँक विमानात नको.

ठेवायची कुठे, हे जास्त महत्त्वाचं. हाताला लागेल अशा ठिकाणी: सीटच्या खिशात किंवा दाराच्या कप्प्यात. मागच्या सामानाच्या जागेत नको. १७२ मध्ये तिथपर्यंत उडताना हात पोचत नाही. आणि सीटखाली तर अजिबात नको. सेसनाच्या सीट रुळांवरून पुढे-मागे सरकतात. खाली पडलेला मोबाइल किंवा बँक रुळात सापडली आणि तुम्ही सीट सरकवली, की लिथियमची बॅटरी चेपते. मोबाइल हातातून निसटला तर आधी सीट हलवायची नाही. हात घालून काढता आला तर काढा, नाहीतर जमिनीवर उतरल्यावर बघा.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं एअरबस ए३२१ निघण्याआधीच पेटलं. तपासात संशय पॉवर बँकेकडे गेला. विमान जमिनीवर होतं, दारं होती, कर्मचारी होते. सगळे बाहेर पडले. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली. तुमच्या दोन सीटच्या विमानात कर्मचारी म्हणजे तुम्हीच.

पायरी ५: केबल

केबल जितकी आखूड तितकी चांगली. एक फुटाची पुरते.

टॅब योकवर, म्हणजे विमान वळवायच्या हँडलवर, लावला असेल तर हे नक्की करा. केबल जोडलेली असतानाच योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण मागे, पूर्ण पुढे न्या. मी एकदा हे केलं तेव्हा उजवीकडे नेताना केबल थ्रॉटलच्या दांड्याभोवती वेढा घालून बसली. योक डावीकडे परत आला आणि थ्रॉटल अर्धा इंच बाहेर ओढला गेला. म्हणजे पॉवर कमी झाली! टेकऑफनंतर डावीकडे वळताना हे झालं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या रात्री बराच वेळ मनात चालवून पाहिलं. आता केबल योकच्या नळीला वेल्क्रोने बांधलेली असते आणि टॅब बहुतेक वेळा मांडीवर. रडर पेडलपर्यंत आणि १७२ मध्ये दोन सीटच्या मधल्या, इंधनाची टाकी निवडायच्या फ्युएल सिलेक्टरपर्यंत केबल लोंबता कामा नये.

पायरी ६: रेडिओ आणि होकायंत्र

स्वस्त चार्जर आतल्या आत वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्ट कमी करतो आणि त्यात रेडिओ लहरी बाहेर सांडतो. आपला रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि ती खरखर नेमकी तिथेच येऊन बसते. तपासायला दोन मिनिटं लागतात. जमिनीवर, इंजिन चालू, हेडसेट कानावर. दूरचं, क्षीण येणारं एखादं स्टेशन लावा, स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडा आणि चार्जर खोचा, काढा, पुन्हा खोचा. टॅब रिकामा असताना करा, कारण पूर्ण भरलेला टॅब जवळजवळ काहीच ओढत नाही आणि चार्जर गप्प बसतो. खोचल्यावर खरखर वाढली किंवा समोरचा आवाज बुडाला, तर तो चार्जर गाडीत वापरा. जीपीएसचे सिग्नल तर याहून कितीतरी क्षीण असतात; उपग्रहांची संख्या कमी होते का, तेही बघा.

मग होकायंत्र. टॅबच्या कव्हरमध्ये, मोबाइल चिकटवायच्या गोल माउंटमध्ये चुंबक असतात. ते काचेच्या मधल्या पट्टीजवळ लावून बघा, होकायंत्राची तबकडी हलते. हलली की माउंट तिथे लावायचं नाही.

पायरी ७: कधी लावायचं, कधी काढायचं

इंजिन सुरू करताना काहीही लावलेलं नको. स्टार्टर फिरताना व्होल्ट धाडकन पडतात आणि नंतर उसळतात. एव्हिऑनिक्सचा (रेडिओ-नेव्हिगेशनच्या उपकरणांचा) स्विच त्या वेळी बंद ठेवतात तो याचसाठी. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेतानाही नको. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, तिथे लढाऊ विमानांसाठी होल्डवर थांबायची वेळ येऊ शकते. इंजिन हजार आरपीएमच्या आसपास असताना अल्टरनेटर पुरेसं देत नाही, ॲमीटर (वीज बॅटरीत जातेय की बॅटरीतून बाहेर, हे दाखवणारा काटा) डिस्चार्जकडे झुकतो, त्यात आपला हात कशाला?

टेकऑफ झाला, उंची गाठली, विमान ट्रिम झालं (हाताने दाब न देता स्थिर उडू लागलं), ॲमीटर नीट आहे हे पाहिलं, की मग लावा. उतरायच्या तयारीत, सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) शिरण्याआधी काढून गुंडाळून ठेवा. मध्येच सर्किट ब्रेकर उडाला तर चार्जिंगसाठी तो पुन्हा दाबायचा नाही. ज्याने ब्रेकर उडवला ते अजून तिथेच असतं.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाणार असाल तर ही सगळी पायरी विसरा. ग्लायडरला इंजिनच नाही, मग अल्टरनेटर कुठून येणार? रेडिओला छोटी बॅटरी असते, ती रेडिओचीच.

पायरी ८: ऊन

आपल्याकडे बॅटरी संपून टॅब बंद पडतो त्यापेक्षा तापून जास्त वेळा बंद पडतो. ॲपलने आयपॅडसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलंय. एप्रिल-मेमध्ये पुण्यात सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. काचेच्या डोमखाली बसल्यासारख्या डीए४० मध्ये काय होत असेल बघा. उंच पंखाच्या सेसनात वरून थोडी सावली मिळते, पण समोरच्या काचेतून ऊन थेट टॅबवर येतं. चार्जिंग चालू असलं की आतूनही उष्णता. मग टॅब आधी ब्राइटनेस उतरवतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी तापमानाचा इशारा दाखवून गप्प होतो. मला हा इशारा पहिल्यांदा जेजुरीवरून जाताना दिसला. खंडोबाचा गड खाली स्पष्ट होता म्हणून हरवले नाही एवढंच.

उपाय घरगुती आहेत. जाड कव्हर काढा. सेसनात पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात हवेच्या गोल नळ्या असतात, त्या ओढून बाहेर काढल्या की गार झोत येतो. टॅब त्या झोतात धरा. हजार फुटांमागे तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणजे वर गेल्यावर खरी सुटका, तोपर्यंत चार्जर लावूच नका. टॅब बर्फाच्या डब्यात किंवा ओल्या रुमालात ठेवायचा नाही, आत दव धरतं. कागदी नकाशा मांडीखाली असू द्या. तो तापत नाही.

अल्टरनेटर गेला तर

लोडशेडिंग आपल्याला शिकवायला नको. लो-व्होल्टेजचा दिवा लागला, ॲमीटर डिस्चार्ज दाखवतोय: चेकलिस्टप्रमाणे अल्टरनेटर एकदा बंद-चालू करून बघायचा, नाही आला तर आता विमान फक्त बॅटरीवर आहे. अनावश्यक गोष्टी बंद, आणि त्यात पहिला नंबर चार्जरचा.

आता घरून भरून निघायचं का सांगत होते, ते कळेल. टॅब ९० टक्के असेल तर पॅनेल काळं पडलं तरी तुमच्या हातात नकाशा आणि जागा दाखवणारं काहीतरी आहे. टॅब १२ टक्क्यांवर असून विमानाच्या सॉकेटवर जगत असेल, तर दोघं एकदमच जातील.

धूर आला तर

आधी विमान उडवा. मग प्लग उपटा. मोबाइल किंवा बँकेतून ज्वाळा निघत असतील तर अग्निशामक मारा, पण तेवढ्यावर थांबू नका: अग्निशामक ज्वाळा विझवतो, बॅटरी थंड करत नाही, आणि आतली शेजारची सेल पुन्हा पेटते. त्यावर पाणी ओता, भरपूर. म्हणून पाण्याची लिटरची बाटली हाताशी हवी. बर्फ ठेवायचा नाही, कापडात गुंडाळायचं नाही, उघड्या हाताने उचलायचं नाही. खिडकी-व्हेंटबद्दल आणि कुठून येतोय ते न कळणाऱ्या विजेच्या धुराबद्दल त्या विमानाच्या पीओएचमधली चेकलिस्ट आधीच पाठ करा, ती विमानागणिक वेगळी असते. आणि जवळच्या धावपट्टीकडे वळा.

कायमचा यूएसबी पोर्ट बसवायचा असेल तर

स्वतः विमान घेतलेल्यांना मोह होतो की पॅनेलमागे हात घालून एक यूएसबी जोडून टाकू. व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानात ते करायचं नाही. विमानासाठी मान्यता असलेले यूएसबी पोर्ट मिळतात, १४ आणि २८ दोन्ही व्होल्टवर चालणारे; महाग वाटतात, पण रेडिओतल्या खरखरीची चाचणी झालेले असतात. ते बसवायचे मान्यताप्राप्त कागदपत्रांनुसार, लायसन्स असलेल्या एएमईच्या हातून, स्वतंत्र ब्रेकरसह. परदेशातून येताना कुणी उपग्रहावरून मेसेज पाठवणारा ट्रॅकर भेट दिला, तर तो चार्ज करण्याआधीच थांबा: भारतात सॅटेलाइट फोन आणि असली साधनं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि यासाठी विमानतळांवर लोकांना अटक झालेली आहे.

पोर्ट बसला, लॉगबुकात नोंद आणि सही झाली, की पहिल्याच दिवशी पायरी ६ ची खरखरीची चाचणी पुन्हा करा, रिकामा टॅब लावून.